इनाम आणि हक्क : राजूर येथील एक संवाद

जालन्याहून भोकरदनकडे निघालेल्या माणसाला वाटेत राजूर लागते. तेथील राजुरेश्वराची गणना भाविक गणपतीच्या साडेतीन पीठांत करतात, आणि वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली गेली ती याच ठिकाणी, अशीही परंपरेची श्रद्धा आहे. अंगारकी चतुर्थीला जालन्याकडून पायी निघालेली माणसे पहाटेपासून येऊन थडकू लागतात आणि दुपारपर्यंत गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. अशाच एका अंगारकीला, दर्शनाची रांग थोडी आवरती होईल या आशेने मी एका परिचित गुरुजींच्या ओसरीवर टेकलो होतो, आणि तेथे जो वाद रंगला त्यात श्रोता म्हणून आयताच सापडलो. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. त्यांच्यासमोर बसले होते ते जालन्याच्या न्यायालयात आयुष्य घालवलेले वकीलसाहेब, बौद्ध कुटुंबात वाढलेले आणि गुरुजींशी वाद घालणे हा आपला जन्मसिद्ध अधिकार मानणारे.

वादाला कारण झाला एक कागद. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात, म्हणजे ज्या जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीहून ते आंदोलन पेटले त्याच जिल्ह्यात, ट्रंकांच्या तळाशी आणि माळ्यांवर पडलेल्या जुन्या दप्तरांना एकाएकी मोल आले. आणि ती दप्तरे मोडीत किंवा उर्दूत असल्यामुळे, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकले नव्हते अशा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात माणसे येऊ लागली. गुरुजींच्या भावकीतल्या कोणीतरी असाच एक पिवळा पडलेला कागद आणून खाटेवर पसरला होता, आणि पलीकडच्या गल्लीतले उर्दू शाळेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे गाव मास्टरसाहेब म्हणते, ते चष्मा कपाळावर चढवून तो अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. कुणबी हा शब्द त्यात कोठेच निघाला नाही. निघाली ती निजामी अमदानीतील खिदमतमाश, म्हणजे देवस्थानांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींच्या, एका यादीची नक्कल : एका ओळीत मारुतीच्या पुजाऱ्याची जमीन, तिच्याखाली पिराच्या मुजावराची, तिच्याखाली पुन्हा कुठल्याशा देवीच्या भोप्याची, तीच शाई, तेच वळण, तोच शिक्का.

भावकीतला गृहस्थ निराश होऊन उठला, पण गुरुजींचा चेहरा खुलला.

“पाहा वकीलसाहेब,” ते म्हणाले, “आज आपण विविधतेचे व्यवस्थापन, सांस्कृतिक स्वातंत्र्य असले मोठमोठे शब्द परिसंवादांतून ऐकतो; पण ज्या राजवटीला आपण जुलमी म्हणतो तिच्या दप्तरातसुद्धा देव आणि पीर एका पानावर नांदत होते. ज्याचे त्याला दिले म्हणजे भांडण राहत नाही. राज्य चालवणाऱ्याला एवढे शहाणपण असले की पुरे, त्यासाठी राज्यघटनेची तीनशे पंचाण्णव कलमे लागत नाहीत.”

“त्या कागदावर देव आणि पीर नांदत होते हे खरे,” वकीलसाहेब म्हणाले, “पण माणसे नांदत होती काय? गुरुजी, हे इनाम आहे. इनाम देणारा ते काढूनही घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याने मुजरा करायचा असतो. निजामाने देवळाच्या दिवाबत्तीला जमीन दिली, परंतु त्याच देवळाच्या सभामंडपात दहा माणसांनी जमून राजकारणावर बोलायचे म्हटले तर गश्ती निशाण 53 आडवी येई आणि सभेला सरकारी परवानगी लागे. खासगी शाळा काढायची तर परवानगी, नवे मंदिर बांधायचे तर धर्मखात्याची परवानगी. तुमचे वडील गणित कोणत्या भाषेत शिकले ते तुम्हीच मला सांगितले आहे.”

गुरुजींनी मान डोलावली. त्यांचे वडील भूमिती उर्दूतून शिकले होते आणि मुलाला मराठीत शिकवताना प्रमेये सांगता सांगता मध्येच अडखळत, हे त्यांनी अनेकदा हसत हसत सांगितलेले. तथापि ते हार मानणारे नव्हते. “उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघाले,” ते म्हणाले, “तेव्हा जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानात उच्च शिक्षण इंग्रजीतून चालले होते. वैद्यक आणि विज्ञान एका देशी भाषेत शिकवण्याचे धाडस प्रथम हैदराबादने केले, भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. मराठीला हे अजून साधलेले नाही. त्याचे श्रेय द्यायला नको?”

“अवश्य द्यावे. फक्त ती देशी भाषा राज्यातल्या आठांपैकी एकाची होती, एवढे त्या श्रेयाखाली बारीक अक्षरात लिहावे. निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी, आणि कानडी बोलणारेही उर्दूइतकेच होते. परतूरला, आपल्याच आजच्या जिल्ह्यात, 1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते इनाम मागायला नव्हे. आमच्या भाषेत शिकू द्या आणि आम्हाला जमू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. आणि पुढच्याच वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटले म्हणून मुलांना बाहेर काढले गेले, तेव्हा ती मागणी किती निकडीची होती हे सर्वांनाच कळले. दिवाबत्तीची जमीन चालू होती, तरीही माणूस घुसमटला होता.”

हे ऐकताना मला वाटून गेले की मराठवाड्याच्या इतिहासाकडे आपण बहुधा हिंदू-मुसलमान या एकाच चष्म्यातून पाहतो आणि त्यातला हा दुसरा धडा हरवून बसतो. शोएबुल्ला खान हा ‘इमरोज’चा संपादक रझाकारांविरुद्ध लिहितो म्हणून 22 ऑगस्ट 1948 च्या रात्री हैदराबादेत मारला गेला; तो मुसलमान होता आणि उर्दूतच लिहीत होता. ज्या राजवटीत उर्दू सिंहासनावर होती त्या राजवटीत उर्दू पत्रकाराला मात्र अभय नव्हते. भाषेला मान आणि ती बोलणाऱ्याला स्वातंत्र्य, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

गुरुजी मात्र वादाचा रोख वर्तमानाकडे वळवण्याच्या तयारीत होते. “ठीक. आता मी तुमचाच न्याय तुम्हाला लावतो. लोकांची भाषा ती राज्याची भाषा, म्हणून आपण झगडलो, निजामाच्या हाताखालून सुटलो, 1956 साली मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. मग वऱ्हाडात पातूरच्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू कशाला? मराठीच्या राज्यात मराठी पाटी. यात कोणावर जुलूम झाला? आणि तुम्ही आता बेळगाव काढणार हे मला ठाऊक आहे. काढू नका. बेळगावच्या मराठी माणसाची तक्रार अशी आहे की तो मुळात चुकीच्या राज्यात टाकला गेला. पातूरचा उर्दूभाषक तसे म्हणत नाही.”

“म्हणूनच त्याचा दावा अधिक साधा आहे,” वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. “त्याला राज्य बदलायचे नाही, नकाशा बदलायचा नाही. आणि बेळगावचे म्हणाल तर, उद्या सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडलेल्या सीमादाव्याचा निकाल आपल्याविरुद्ध गेला, तर तेथल्या मराठी माणसाने दुकानावरची मराठी अक्षरे पुसून टाकावीत असे तुम्ही म्हणाल काय? नाही म्हणणार. मग त्याचा हक्क नकाशावर अवलंबून नाही, एवढे तरी कबूल करा.” आणि मग, वकिली सवयीने, त्यांनी दूरचा दाखला काढला : कॅनडातील क्वेबेक प्रांताने 1977 साली फ्रेंच भाषेच्या रक्षणासाठी कायदा करून व्यापारी पाट्यांवर दुसरी कोणतीही भाषा निषिद्ध केली, 1988 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फ्रेंच सक्तीची करा, पण इंग्रजीला मज्जाव करू नका, प्रांताने पाच वर्षे खळखळ केली आणि 1993 साली, फ्रेंच ठळक ठेवून इतर भाषा चालतील, या तडजोडीवर प्रकरण मिटवले. “आपल्या दुकानांच्या पाट्यांचा 2022 चा कायदा काय सांगतो? देवनागरीतील मराठी हवीच, आणि तिची अक्षरे इतर भाषांपेक्षा लहान नसावीत. म्हणजे व्यापाऱ्यांच्या बाबतीत आपणही त्याच जागी पोचलो. मग नगरपरिषदेच्या भिंतीपाशीच का अडखळावे?”

गुरुजींनी पानाचा डबा उघडला. तो उघडला की ते एखादी चांगली चाल खेळणार असे समजावे. “पातूरचा निकाल मीही वाचला आहे, वकीलसाहेब. ती पाटी 1956 पासून तेथे होती. 2020 साली तक्रार झाली तेव्हा नगरपरिषदेने आपल्या बहुमताने ठराव केला की पाटी राहील. पुढे ते उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात, आणि 15 एप्रिल 2025 रोजी निकाल लागला तो काय? कायद्याने मराठी बंधनकारक आहे, परंतु तिच्यासोबत उर्दू लिहिण्याला तो कायदा मनाई करत नाही. उर्दू याच मातीतली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही न्यायमूर्तींनी सांगितले, सुंदर सांगितले. पण उर्दू पाटी हा कोणाचा हक्क आहे असे त्यांनी म्हटले आहे काय? नाही. पाटी टिकली ती वहिवाटीने आणि गावच्या पंचांच्या समजुतीने. तुमच्या न्यायालयाने त्या समजुतीवर फक्त शिक्का मारला.”

वकीलसाहेब काही वेळ बोललेच नाहीत. “हे तुम्ही बरोबर पकडलेत,” ते शेवटी म्हणाले. “आणि नेमकी तीच मला धास्ती आहे. बहुमताने पाटी ठेवली, उद्याचे बहुमत ती उतरवील. तेव्हा ती पाटीसुद्धा इनामच ठरते; देणारा निजाम जाऊन नगरसेवक आला, एवढाच फरक. पाटीची गोष्ट सोडा, ती लोखंडाची आहे. पण भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी हे घटनेच्या 350 अ कलमात लिहिलेले आहे, आणि भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा अधिकार 29 व्या कलमात. तेथे कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही.”

“कलमे, कलमे!” गुरुजी उसळले. “आमच्या मराठवाड्यात नवस फेडायला हिंदू माणूस दर्ग्यावर कंदुरी करतो. बकरे कापायचे, फातेहा द्यायचा, साऱ्या भावकीला जेवू घालायचे. मोहरमच्या सवारीपुढे आजही हिंदू बायका पाणी ओततात. ती कंदुरी कोणत्या कलमाखाली बोलली जाते, सांगा बरे? उलट न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या की दोन बाजू होतात, वादी आणि प्रतिवादी. जो माणूस कालपर्यंत दोन्हीकडे जेवत होता त्याला विचारले जाते, तू कोणाचा?”

मी इथे मनातल्या मनात गुरुजींच्या बाजूला झुकलो होतो, हे कबूल करतो. कायद्याला सरमिसळ कळत नाही; त्याला प्रत्येक माणूस एकाच रकान्यात बसवायचा असतो. परंतु वकीलसाहेबांचा पुढचा प्रश्न ऐकल्यावर मला सावरून बसावे लागले.

“कंदुरीच्या पंगतीत माझे आजोबा कोठे बसत, गुरुजी?”

ओसरीवर कोणीच बोलेना.

“वहिवाट गोड आहे, ज्याला पंगतीत पाट मिळाला त्याला. आणि ती टिकली असती तरी मी गप्प बसलो असतो. रझाकारांच्या वेळी टिकली काय? सप्टेंबर 1948 मध्ये पाच दिवसांत हैदराबाद पडले आणि त्यानंतर याच गावोगावच्या मुसलमानांवर जे गुदरले, ज्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलालांना धाडले, तेव्हा टिकली काय? बरे, ती धर्माची गोष्ट म्हणा. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे. ज्या माणसाने 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढून या भागातल्या पहिल्या पिढीला कॉलेजचे दार दाखवले, त्याचे नाव. भाषा एक, देव बहुतेकांचे एक, शेताचे बांध एकमेकांना लागून. आणि गावोगावी घरे पेटली, वस्त्यांचे पाणी तोडले, माणसे मारली गेली. त्या नावासाठी 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले, आणि तेही मराठवाडा हे नाव कायम ठेवून. सोळा वर्षे! वहिवाटीने आम्हाला त्या काळात काय दिले ते तुम्ही पाहिले आहे.”

“पाहिले आहे,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात वादाचा सूर नव्हता.

तेवढ्यात, इतका वेळ बशीत चहा ओतून सावकाश पिणारे मास्टरसाहेब, ज्यांच्या भाषेवर इतका खल चालला होता पण ज्यांना दोघांपैकी एकानेही काही विचारले नव्हते, ते म्हणाले, “पाटी राहिली, बरे झाले. पण माझ्या नातवाला ती वाचता येत नाही. तो जालन्याला इंग्रजी शाळेत आहे. घरात बोलतो ते निम्मे दखनी, निम्मे मराठी. मोहल्ल्यातले लोक मला दोष देतात, उर्दूचे मास्तर आणि नातू इंग्रजीत! आता मी काय करू? पोराचे आयुष्य आहे.”

मला विचाराल तर त्या दुपारचे सर्वांत महत्त्वाचे बोलणे हेच होते. जतन करण्याचा अधिकार आहे तसाच सोडण्याचाही आहे काय? समूहाच्या संस्कृतीचे रक्षण करायचे म्हणून त्या समूहातल्या एकेका माणसाला तीत कोंडून ठेवायचे काय? वकीलसाहेबांनी हा धागा लगेच उचलला आणि थेट 1843 सालच्या मुंबईत गेले. नारायण शेषाद्री नावाच्या एका तरुण ब्राह्मणाने त्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून मुलगाच, मिशनऱ्यांकडे राहत होता. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पण घरी आलेल्या श्रीपतला जात घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून खटपट केली, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच शस्त्र उपसले आणि त्यांना साथ देणाऱ्यांना वाळीत टाकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. थोरला नारायण पुढे आमच्या जालन्यास आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती खेडे वसवले.

“पुन्हा इनाम,” गुरुजी मिस्कीलपणे म्हणाले.

“पुन्हा इनाम,” वकीलसाहेबांनी मान्य केले. “निजामाने ख्रिस्ती माणसालाही जमीन दिली, ही त्याच्या राज्याची उदारता नोंदलीच पाहिजे. पण माझे लक्ष धाकट्याकडे आहे. त्याच्यावर बापाचा हक्क होता, मिशनचा डोळा होता, जातीचा तर निकाल होता. त्याच्या मताची किंमत मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हती. गुरुजी, बहुसंख्यांच्या हातून अल्पसंख्यांना वाचवणे हे अर्धे काम झाले. अल्पसंख्यांच्या मुखंडांच्या हातून त्यांच्यातल्या एकट्या माणसाला वाचवणे हे उरलेले अर्धे. आणि तेथे आपली न्यायालयेसुद्धा चाचरली आहेत. मुंबई राज्याने 1949 साली बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धर्मातून बहिष्कृत करण्याचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळे मत देऊन उभे राहिले. 2023 साली तो प्रश्न पुन्हा अधिक मोठ्या पीठाकडे सोपवावा लागला.”

“थांबा,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा हा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. “तुम्ही कायद्याला प्रत्येक जमातीच्या माजघरात नेऊन बसवता आहात. कायदा करते कोण? विधानसभा. तेथे बहुमत कोणाचे? बोहऱ्यांचे नाही, ख्रिस्त्यांचे नाही, तुमचेही नाही. आज तुम्ही म्हणाल बहिष्कार बंद करा, मी टाळ्या वाजवीन. उद्या तेच बहुमत म्हणेल, तुमची प्रार्थना अशी नको, लग्न असे नको, अन्न हे नको, आणि सुधारणेचे नाव पुढे करील. एकट्या माणसाला वाचवायला म्हणून दार उघडाल आणि त्याच दाराने सारी फौज आत येईल. मग राहिले काय तुमचे सांस्कृतिक स्वातंत्र्य?”

“म्हणून दार किती उघडायचे ते ठरवले पाहिजे,” वकीलसाहेब सावकाश शब्द निवडत म्हणाले. “प्रार्थना कशी करावी यात सरकारने पडू नये. गुरू कोण, ग्रंथ कोणता, उपास कधी, हे ज्याचे त्याने पाहावे. परंतु कोणी त्यातून उठून चालू लागला, किंवा आत राहूनच नाही म्हणाला, तर त्याचे पाणी, त्याचे किराणा दुकान, त्याच्या मुलीचे लग्न, त्याच्या बापाचा दफनविधी अडवायचा अधिकार कोणत्याही पंचाला, मुल्लाला, महंताला किंवा पाटलाला नाही. त्या ठिकाणी आणि तेवढ्यापुरते सरकारने आत यावे.”

“आणि ते तेवढ्यापुरतेच राहील याची हमी?”

“हमी नाही. पण निजामाच्या कृपेची तरी कोठे होती? फरक एवढाच की सरकारने मर्यादा ओलांडली तर मला त्याच्याविरुद्ध फिर्याद लावता येते. इनामदाराला फिर्याद लावता येत नव्हती, त्याला अर्ज करावा लागे.”

गुरुजी हसले, पण हरल्यासारखे नव्हे. वाद येथे थांबला तो कोणी जिंकले म्हणून नव्हे, तर रांग खरोखरच ओसरली होती आणि वकीलसाहेबांना, जे देव मानत नाहीत, गुरुजींनी पायरीपर्यंत सोबत येण्याचा आग्रह धरला म्हणून. मास्टरसाहेबांनी कागदाची घडी घालून त्याच्या पाठीवर मराठीत पेन्सिलीने टीप लिहिली : मारुती, पीर, देवी यांची जमीन, कुणबी नोंद नाही.

माझा कौल विचारला तर तो बहुतांशी वकीलसाहेबांच्या पारड्यात आहे. गुरुजींची सरमिसळ ज्या गावात जिवंत आहे तेथे ती कोणी मोडू नये, आणि तिला कायद्याने जन्म देता येत नाही हेही खरे; परंतु देणाऱ्याच्या मर्जीवर जे टिकते त्याला स्वातंत्र्य म्हणायला माझे मन तयार नाही, मग देणारा निजाम असो, नगरपरिषद असो, की स्वतःच्याच जमातीचा पंच. आजकाल प्रत्येक समाजाला एक महामंडळ, एक स्मारक आणि एक जयंतीची सुटी दिली की विविधतेचा हिशेब चुकता झाला असे राज्यकर्ते समजतात, आणि समाजांचे पुढारीही तेच मागून घेतात. ही खिदमतमाशीचीच यादी आहे, नव्या शिक्क्याची.

ज्या वाचकाच्या गावात अजून कोणाला वाळीत टाकले जात असेल, त्याच्या माहितीसाठी एवढेच : व्यक्तींना सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा जुलै 2017 पासून अंमलात आहे. बहिष्कृत व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबातील कोणालाही पोलीस ठाण्यात अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, आणि गुन्हा शाबीत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.